तीन नंबरचं कोपर

एका माणसाला मी एक चित्रफीत दाखवली आणि सांगितलं, की यात तू आहेस, रविवारी सकाळी तू असाच वल्हं मारत होतास. ते खरं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासाठी ती फीत केली त्या सुभेदारसाहेबांना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्यालाही नाही. मुळात मी कमी बोलणारा. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो. काही अंशी असेलही. पण त्या दिवसापासून गप्प बसणं मला जरा जास्तच जमू लागलं, एवढं मला माहीत आहे.

नव्वदीची मधली वर्षं. नगरमध्ये माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं छोटं दुकान होतं. खांद्यावर घ्यायचा व्हीएचएसचा कॅमेरा, दोन व्हीसीआर, एक रंगीत टीव्ही आणि डोळे दिपवणारा एक दिवा, एवढाच संसार. लग्नसराईत जेवायला सवड नसायची आणि बाकीचे दिवस रिकामे जायचे. अशाच एका रिकाम्या दिवशी एक निवृत्त सुभेदार दुकानात आले. फौजेत असताना त्यांनी पुष्कळ वर्षं रोइंग केलं होतं. निवृत्त झाल्यावर मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या आपल्या गावी राहायला आले आणि पुण्याहून एक जुनी, चार वल्ह्यांची शर्यतीची बोट घेऊन आले. आसपासची पोरं जमवून ते त्यांना शिकवत होते. त्यांना पोरांचं शूटिंग हवं होतं.

"लग्नाचं नाही, बोटीचं. जमेल?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, जमेल. त्यात न जमण्यासारखं मला काही दिसलं नाही.

पहिल्या खेपेला मी जी टेप नेऊन दाखवली ती आठवली की अजून कान गरम होतात. पाण्यावर पडलेली सूर्याची किरणं, पोरांचे चेहरे जवळून, वल्ह्यावरून निथळणारे थेंब, आणि मागे सनईच्या सुरावटीचं मिक्सिंग. साहेबांनी ती शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाले, "बोटीचं लग्न लावलंस की रे! नवरी कोणती यातली?" पोरं लोळायची बाकी राहिली. "मला चेहरे नकोत. यांचे चेहरे मी रोज बघतो, तेवढं पुरे आहे. मला कोपर दाखव. गुडघा दाखव. वल्ह्याचं पातं पाण्यात कुठं शिरतं आणि कुठून बाहेर येतं ते दाखव. बाजूने घे, शेजारी राहून घे, आणि हलू नकोस."

त्यानंतर मी मोटारबोटीत उभा राहून, त्यांच्या बरोबरीनं जात, बाजूने शूटिंग करायला शिकलो. मोटारबोट धरणात मासेमारीचा ठेका असलेल्या एका घरची होती. त्या घरचा मुलगाही साहेबांकडे शिकत होता. बोटीत चौघं एकामागे एक बसतात, सगळ्यांची पाठ जायच्या दिशेला. बसायची पाटी पुढेमागे सरकते. प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, एकाचं डावीकडे तर पुढच्याचं उजवीकडे. चौघांचं पातं एकाच क्षणी पाण्यात पडलं तर बोट पाण्यावरून घसरल्यासारखी जाते. एकाचं जरी मागेपुढे झालं तर ती प्रत्येक हाताला, म्हणजे वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला, अडखळते. हे डोळ्यांनी नुसतं बघून कळत नाही, फार भरभर होतं. म्हणून टेप.

साहेबांची टेप बघायची रीत ठरलेली होती. रविवारी सकाळचं वल्हवणं झालं की त्यांच्या ओसरीवर माझा टीव्ही आणि व्हीसीआर मांडायचा. टीव्हीच्या काचेवर ते आडवा दोरा ताणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावत, म्हणजे कोणाचं पातं किती वर जातं ते दिसे. मग एका वेळी एकच गोष्ट बघायची. एकदा फक्त कोपरं. टेप मागे घेऊन पुन्हा फक्त गुडघे. पुन्हा मागे घेऊन फक्त पाती. मध्येच कोणी म्हणालं, "साहेब, तो बगळा बघा," की त्याची हजेरी घेतली जायची. "पाणी बघायचं नाही, झाडं बघायची नाहीत. कोपर म्हटलं की कोपर." ते चित्र थांबवून ठेवत आणि काचेवर बोट ठेवून बोलत राहत. मी धास्तावून म्हणायचो, "साहेब, पॉज जास्त वेळ ठेवला की टेप घासते." ते म्हणत, "घासू दे. ही पोरं घासतात त्याच्या निम्मीसुद्धा नाही घासत ती."

आणि कोणी उलट बोललं, "नाही साहेब, मी बरोबर मारत होतो," तर त्यांचं एकच उत्तर असे: "सांगू नकोस, दाखव."

या पोरांत एक जण तिसगावचा होता. बौद्ध कुटुंबातला, थोरला मुलगा. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला होता आणि तिथंच खोली करून राहत होता. खांदे असे, की मागे उभं राहिलं तर पुढचं दिसू नये. त्याच्याकडे सायकल होती, पण नागापूरहून धरणापर्यंत सायकल मारून पुन्हा वल्हं मारायचं म्हणजे जीव जायचा. मी नगरहून स्कूटरवर त्याच रस्त्याने जायचो. तेव्हा रविवारी पहाटे तो एमआयडीसीच्या फाट्यावर उभा राहू लागला आणि मी त्याला मागे बसवून नेऊ लागलो. कॅमेऱ्याची बॅग तो मांडीवर घ्यायचा. खड्डा आला की दोन्ही हातांनी ती वर उचलून धरायचा, स्वतःचं ढुंगण आपटलं तरी चालेल. मला तो भाऊ म्हणायचा.

त्याची बैठक तिसरी. सगळे त्याला तीन नंबरच म्हणत. त्याची खोड साहेबांना पहिल्या टेपमध्येच सापडली. पातं पाण्यात पडलं की आधी पायांनी रेटायचं, मग पाठ मागे न्यायची, हात अगदी शेवटी वाकवायचे, ही रीत. हा पातं पाण्यात पडलं-न पडलं तोच कोपर दुमडायचा. सगळा जोर दंडातून.

साहेबांनी चित्र थांबवलं. काचेवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

तो टीव्हीकडे बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःला हलताना बघत होता. "ह्यो मी हाय?" त्याने मला विचारलं, साहेबांना नाही.

"मग काय मी?" मी म्हणालो.

"लई वंगाळ दिसतंय की वो."

"विहिरीवरून पाणी ओढतोयस तू," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. ल्हानपनापासनं तेच केलंय. आमच्याकडं पानी खाली, दोर लांब. हातानंच वढायचं."

"इथे पाणी वर आहे. पायाखाली. पायानं ढकल."

सगळे हसले, तोही हसला. पण त्या दिवसापासून तो त्या कोपराच्या मागे लागला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लाकडी दांडकं घेऊन जमिनीवर बसायचा आणि पाय, पाठ, हात, पाय, पाठ, हात असं घोकायचा. सोबतचे कामगार विचारायचे, "काय रे, जमिनीवर होडी चालिवतो का?" हे तो मला स्कूटरवर मागून, माझ्या कानाशी ओरडून सांगायचा. दर रविवारी टेप बघताना त्याचे डोळे फक्त आपल्या कोपरावर असत. थोडं लांबलं की मांडीवर थाप मारायचा. पुन्हा दुमडलेलं दिसलं की मान खाली. पावसाळा संपून थंडी लागेपर्यंत हे चाललं. मी ते सगळं कॅमेऱ्यातून बघत होतो. तेव्हा मला काही कळत नव्हतं, असं मी आता म्हणू शकत नाही. साहेबांच्या ओसरीवर इतके रविवार काढल्यावर कोणतं कोपर बरोबर आणि कोणतं चुकीचं हे मला त्या पोरांइतकंच कळायला लागलं होतं.

त्या हिवाळ्यात पुण्याला मोठ्या स्पर्धा होत्या. तिथे फौजेची माणसं खेळाडू हेरायला येतात, आणि चांगला वल्हवणारा असेल तर खेळाडू म्हणून भरतीला बोलावतात, हे साहेबांना माहीत होतं. पोरांनाही माहीत होतं. तिसगावच्या मुलाचा तर सगळा जीव त्यातच अडकला होता. हेल्परचं काम कधीही सुटेल असं. घरी पाठची भावंडं. स्कूटरवर तो एकदा म्हणाला, "भाऊ, एकदा वर्दी अंगावर आली ना, की आमच्या आईला मी सुखात ठेवीन बघा." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तीन नंबरच्या जागेसाठी दोघं होते. एक हा, दुसरा मोटारबोटवाल्या घरचा मुलगा. तोही मेहनती होता, वाईट नव्हता. साहेबांनी ठरवलं, एक चाचणी घ्यायची. तेवढ्यात त्यांना स्पर्धेच्या नोंदणीसाठी पुण्याला जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "मी नसेन. तू दोघांचं घेऊन ठेव. आधी हा, मग तो, बाकीचे तिघं तेच. आल्यावर टेप बघून ठरवतो." मग पोरांकडे वळून म्हणाले, "आमचा शूटिंगवाला फौजेत असता तर हवालदार होऊनच आला असता." लग्नाच्या मांडवात लोक मला "ए व्हिडिओ, बाजूला सरक" असं म्हणत. त्यामुळे त्या वाक्याने मला किती बरं वाटलं हे सांगता येत नाही. पुण्याला टीमबरोबर मलाही न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

चाचणीच्या रविवारी धरणावर वारा नव्हता. आधी तिसगावचा मुलगा बसला. मी मोटारबोटीत उभा, कॅमेरा खांद्यावर. बोट निघाली, आणि मी कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगातून बघत होतो तरी मला कळलं, की काहीतरी निराळं चाललं आहे. चारी पाती एकदम पडत होती. आवाज एकच येत होता. मग दुसऱ्या मुलाची फेरी घेतली. तीही चांगली झाली. काठावर आल्यावर मी टेप मागे घेऊन ठेवली. हा साहेबांचा नियम होता. त्यांना टेप कायम अगदी सुरुवातीला आणलेली लागायची, म्हणजे लावली की लगेच दिसायला हवं. आणखी एक नियम होता. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची एक लहानशी पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. लग्नाचं शूटिंग झालं की मी ती जागीच मोडायचो, बोटांना सवयच होती. साहेब मोडू द्यायचे नाहीत. एवढ्या कॅसेट आणायच्या कुठून, पुन्हा वापरायच्या, म्हणायचे.

त्याच दुपारी नगरमध्ये माझं एक लग्न होतं. धरणावरून निघालो, तिसगावच्या मुलाला नागापूरला सोडलं आणि तसाच कार्यालयात गेलो. ऐन मुहूर्ताला, अंतरपाट धरलेला, लोकांच्या हातात अक्षता, मंगलाष्टकं चालू, आणि कॅमेऱ्यात टेप संपल्याची खूण लुकलुकू लागली. आमच्या धंद्यात बाकी काहीही चुकलं तरी चालतं. जेवणावळ राहिली, वरात राहिली, तरी लोक सोडून देतात. पण अंतरपाट खाली येतो तो क्षण पुन्हा मिळत नाही. तो गेला की दुकान बंद. कोऱ्या कॅसेट स्कूटरच्या डिकीत राहिल्या होत्या. मध्ये सगळा मांडव माणसांनी भरलेला. बॅगेत हाताला लागली ती सकाळची कॅसेट. शेवटी जागा उरली आहे, असं मनात आलं आणि मी ती घातली. ती मागे घेऊन ठेवली आहे हे त्या घाईत आठवलं नाही. बटण दाबलं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. सगळं उत्तम टिपलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात लग्नाच्या टेपची जुळणी करायला बसलो तेव्हा कळलं. कॅसेट लावली, तर सुरुवातीलाच मंगलाष्टकं. नवरा-नवरी, करवल्या, भटजी. मी पुढे पळवत गेलो. हार घालून झाले, लोक भेटायला येऊ लागले, आणि तिथं एकदम चित्र फाटल्यासारखं झालं. मग पाणी. तिसगावच्या मुलाच्या फेरीचे अगदी शेवटचे काही हात तेवढे उरले होते. त्यानंतर दुसऱ्या मुलाची फेरी, अख्खी.

ते उरलेले हात मी बघितले. थांबवून बघितले. मागे घेऊन फक्त कोपर बघितलं. ते सरळ होतं. पाय पूर्ण रेटून होईपर्यंत सरळ, मग पाठ, आणि शेवटी सहज दुमडत होतं. साहेब जसं सांगत होते अगदी तसं.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते सरळ होतं. साहेब यायला अजून अवकाश होता. त्यांना सांगायचं, की माझ्या हातून पुसलं गेलं, पुन्हा चाचणी घ्या. अजून एक रविवार लागला असता, बाकी काही नाही. साहेब रागावले असते. कदाचित म्हणाले असते, जा बाबा, तू लग्नंच कर. मला ते नको होतं. हे एक कारण, आणि इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण आता लिहायलाच बसलो आहे तर दुसरंही लिहितो. पुसला गेलेला भाग मोटारबोटवाल्यांच्या मुलाचा असता तर मी त्याच संध्याकाळी स्कूटर काढून सांगायला गेलो असतो. त्याच्या घरचे विचारायला आले असते. ह्याच्यासाठी विचारायला कोणी येणार नव्हतं. तिसगावहून कोणी येऊन मला जाब विचारणार नव्हतं. हा हिशेब मी तेव्हा शब्दांत केला नाही, पण केला.

माझ्याकडे जुन्या रविवारांच्या टेप होत्या. त्यांतून एक तुकडा शोधला. तीच बोट, तेच चौघं, तोच काठ, सकाळचीच वेळ. तो आधीच्या दिवसांतला होता. पाणी तेव्हा काठच्या बाभळींना टेकलेलं होतं, आणि चाचणीच्या वेळेपर्यंत ते ओसरून खालचा गाळ उघडा पडला होता. पण पाणी आणि झाडं बघायची नाहीत हे साहेबांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या तुकड्यात तिसगावच्या मुलाचं कोपर दुमडत होतं. हे मला दिसलं. मला दिसलं आणि मी तो घेतला, कारण जुळणारा दुसरा कोणताच नव्हता. साहेब एवढ्यावरून थोडंच ठरवतील, असं मनाशी म्हणालो. दोन व्हीसीआर जोडून मी तो तुकडा नव्या कॅसेटवर घेतला आणि त्यामागे दुसऱ्या मुलाची खरी फेरी घेतली. उरलेले ते शेवटचे हात मध्ये ठेवून बघितले. जोड उघड दिसत होता. ते मी वगळले.

साहेब आले. ओसरीवर टीव्ही मांडला, दोरा ताणला. सगळी पोरं बसली. साहेबांच्या पत्नीने चहा आणला. तिसगावचा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता, नेहमीसारखा, कोपर बघायला पुढे झुकून.

टेप सुरू झाली. मग साहेबांनी हात वर केला, मी चित्र थांबवलं. दुमडलेलं कोपर काचेवर थरथरत होतं.

"अरेरे," साहेब एवढंच म्हणाले.

चौघांतला सगळ्यांत मागे बसणारा, बोटीला दिशा देणारा मुलगा म्हणाला, "पण साहेब, त्या दिवशी बोट लई हलकी गेली. मला कळतं ना."

"सांगू नकोस," साहेबांनी टीव्हीकडे बोट केलं. "हे दिसतंय." आणि मग तिसगावच्या मुलाकडे वळून, खूप हळू आवाजात म्हणाले, त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, "ताण आला की जुनी खोड वर येते रे. तुझा दोष नाही. पण पुण्याला ताण याच्या दसपट असेल."

मोटारबोटवाल्यांचा मुलगा म्हणाला, "साहेब, अजून एकदा घ्या ना चाचणी." तो खरंच म्हणाला. त्याचं हे मला सांगितलं पाहिजे.

साहेब तिसगावच्या मुलाकडे बघत होते. "तू सांग. काय म्हणणं आहे तुझं?"

त्याने माझ्या दंडाला हात लावला. "भाऊ, पुन्ना एकदा दावा."

मी मागे घेतलं, पुन्हा लावलं. रिमोट माझ्या हातात होता. त्याने पूर्ण बघितलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, हे त्या दिवसाचं नाही. त्याला कळेल. स्वतःचं अंग कोणाला कळत नाही? मला वाटत होतं की त्याने ओळखावं, आणि ओळखू नये असंही वाटत होतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं हुतं, बरं मारतोय. अंगाला तसंच लागत हुतं. पन दिसतंय ना. मग तेच खरं आसंल."

परत येताना तो नेहमीसारखा मागे बसला, बॅग मांडीवर घेऊन. खड्डा आला की उचलून धरत होता. नागापूरच्या फाट्यावर उतरला, बॅग माझ्या पायाशी नीट ठेवली आणि म्हणाला, "तुमी लई कष्ट घेतले भाऊ माझ्यासाठी." मी स्कूटर चालू ठेवली होती. तशीच पुढे काढली.

पुढच्या रविवारी तो फाट्यावर नव्हता. त्यानंतर कधीच नव्हता. ज्या कॅसेटवर त्याचे ते शेवटचे हात होते ती साहेबांच्या कॅसेटींपैकीच होती; त्यांनी ती पुन्हा भरायला मागितली. मी दिली, आणि तिच्यावर दुसरंच काही भरलं गेलं. पुण्याला मी टीमबरोबर गेलो. आमची बोट बरी गेली. फौजेच्या माणसांनी आमच्यातल्या दोघांना बोलावलं, त्यांत आता तीन नंबरवर बसणारा मोटारबोटवाल्यांचा मुलगा होता. तो भरती झाला. आता निवृत्त होऊन गावी आहे, भेटला की मनापासून बोलतो. साहेब काही वर्षांनी गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो होतो. त्यांनी कोणाकोणाची चौकशी केली आणि मग विचारलं, "तो तिसगावचा काय करतो रे? फार चांगले खांदे होते त्याचे." मी म्हणालो, माहीत नाही साहेब. त्यांचा हात माझ्या हातात होता. तेव्हाही मी बोललो नाही.

खरं तर मला माहीत होतं. त्याच्या काही वर्षं आधी सुप्याला, पुणे रस्त्यावर चहाला थांबलो असताना तो भेटला होता. नागापूरचा कारखाना बंद पडला तेव्हा तो सुप्याच्या एमआयडीसीत लागला होता. अंगाने सुटला होता, पण लगेच ओळखलं. पैसे काढायला गेलेला माझा हात धरून त्याने आधी टपरीवाल्याला सांगितलं, "ह्ये आमचे भाऊ, पैसे घ्यायचे न्हाईत." घरचं विचारलं, पोरांचं सांगितलं. मी विचारलं, कामाचं कसं काय.

"बरं चाललंय. कारखान्यातलं साहेब म्हनत हुते, लाइनीचा मुख्य हो. मी न्हाई म्हनलो."

"का रे?"

"मुख्यानं दुसऱ्याची चूक काढायची आस्ती. मला सवताचीच दिसत न्हाई." तो हसला. "तवा न्हाई का, ती टेप? मी किती खातरीनं बसलो हुतो. वाटत हुतं, आज जमलं. आन बघितलं तर आपलं त्येच जुनं. तवापासनं ठरवलं भाऊ, आपल्याला वाटतंय त्यावर जायचं न्हाई. चार जनांना इचारायचं. पोरांनाबी त्येच सांगतो. तुमच्यामुळं डोळं उघाडलं बगा."

तो हे कडवट होऊन म्हणत नव्हता. त्याला ते खरोखर शिकल्यासारखं वाटत होतं. टपरीवर माणसं होती, माझी बस लागली होती. ही कारणं मी तेव्हा दिली. खरं एवढंच, की तोंडाशी आलं आणि मी ते चहाबरोबर गिळलं.

मी त्याची भरती घालवली, हे तर आहेच. ती आता मी परत देऊ शकत नाही, तेवढं वय दोघांचंही राहिलं नाही. पण त्याहून जास्त मला हे छळतं, की एका सकाळी त्या माणसाने जे साधलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक होतं, आणि मी ते त्याच्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून तो स्वतःवर विश्वास न ठेवता जगतो आहे आणि पोरांनाही तेच शिकवतो आहे. आणि तो चुकला नव्हता याचा पुरावा आता जगात कुठेही नाही. फक्त मी बघितलेलं आहे.

तो आता तिसगावला परत गेला आहे, असं ऐकतो. बसने जाऊन दिवसाउजेडी परत येता येईल एवढंच अंतर आहे. मला त्याच्या घरी जायचं आहे, आणि त्याच्या मुलांसमोर त्याला सांगायचं आहे की ती टेप मी जोडलेली होती, त्या रविवारी तुझं कोपर सरळ होतं, ते मी स्वतः पाहिलं. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.